उसण नव्हती

मले उसण भरली नव्हती. कितीदा सांगितलं, पण आमच्या आत्याबाई, म्हणजे सासूबाई, एकदा ठरवलं की देवाचंही ऐकत नाहीत.

महाराष्ट्राचं नवं राज्य होऊन दोनेक वर्षं झाली असतील. खामगावच्या मुलींच्या शाळेत तिथल्या मास्तरीण सिंधूताईंनी बायांसाठी अष्टांग योगाचा वर्ग काढला. गोल साडीत जमेना, म्हणून साऱ्यांनी कासोटे मारले. सिंधूताईंनी पहिल्याच सकाळी सांगून टाकलं, "यम-नियम घरी पाळायचे, आसनं इथं करायची. उद्या मांड्या रडतील. भूक वाढेल, झोप येईल, अन् हात पायापर्यंत पोचत नाही म्हणून स्वतःचाच राग येईल. सांध्यात कळ निघाली तर थांबा. नुसतं अंग आखडलं असेल तर या."

दुसऱ्या दिवशी मले चुलीपुढं बसता येईना, बसलं तर उठता येईना. आत्याबाईंनी निदान ठोकलं, "उसण भरली." लगेच शेजारच्या उकंडरावले बोलावलं. उकंडराव पायाळू, जन्मताना पाय आधी बाहेर आलेले. अशा माणसानं पाठीले पाय लावला की उसण उतरते. मीही हे मानत होती.

"पाय लावला की झालं," आत्याबाई म्हणाल्या, "मंग तो योगबिग बंद."

तिथंच माह्यं डोकं फिरलं. दुखणं दोन-तीन दिवसांत आपोआपच जाणार होतं. श्रेय मिळणार पायाले, बदनामी योगाची, अन् माह्या वर्गावर कायमचा बोळा फिरणार.

उकंडराव चप्पल काढून तयार. आमचे हे पेपरात तोंड खुपसून.

"पालथी पड, सूनबाई," उकंडराव म्हणाले.

"नाही पडत."

"काऊन वं?" आत्याबाई.

"या पाठीनं वर्षानुवर्षं पाणी वाहिलं, दळण दळलं, तुमचे पाय चेपले. तेव्हा कोणाले उसण दिसली नाही. आता मी माह्यासाठी वाकली, तर बिमारी झाली?"

यांनी पेपरचं पान उलटलं. उकंडरावनं मुकाट चप्पल पायात सारली अन् ते घरी गेले.

सकाळी आत्याबाई दारात आडव्या उभ्या.

"नीट चालता येत नाही, अन् निघाली?"

"हाव. लंगडत जाईन."

त्या सरकल्या नाहीत. मी अंग चोरून बाजूनं निघाली. भिंतीले धरून पायऱ्या उतरताना मांड्या इतक्या रडत होत्या की डोळ्यात पाणी आलं. पुसलं नाही. पाहू दे त्यांले.