सावलीची जागा

"संध्याकाळपर्यंत नाही मावशी, आत्ताच हलवायचं," म्हणत नव्या साहेबानं खूण केली आणि दोन हमालांनी टेबल उचलून गाडीत टाकलं. तापलेली इस्त्री हातात धरून इस्त्रीवाल्या मावशी चौथऱ्यापाशी उभ्या राहिल्या. थोड्याच वेळात नव्या नेत्याच्या पुतळ्याचं अनावरण होतं. गरिबी चौकात दिसू नये असा हुकूम होता. ती गल्लीत होती, पण पाहुणे गल्लीत जाणार नव्हते.

याच चौथऱ्यापाशी मावशींनी तीन राजवटी काढल्या. राज्यकर्त्याची पारख त्या सावलीवरून करत. आधी घोड्यावरचा राजा. घोडा ऐसपैस होता. त्याच्या सावलीत मावशींनी धंदा मांडला आणि तो ज्या खोक्यातून आला, त्याच्याच फळ्यांचं लांबलचक टेबल केलं. मग सेनापती आला. अंगानं किडकिडीत, सावलीला कंजूष. त्याच्या लढाईवर मावशींचा नवरा गेला, तो गेलाच. त्यानंतरचा पुढारी हात उंचावलेला. त्या हाताच्या सावलीत अभ्यास करून लेक नर्स झाली. त्या हातानं केलेलं काम म्हणाल तर हेच.

पुतळे बदलले, अनावरणाचा रेशमी पडदा मात्र तोच राहिला. दर खेपेला तो गोदामातून बोळा होऊन येई आणि मावशींच्या टेबलावर माणसात येई. साहेब नवा, त्याला हे कोण सांगणार?

पडदा आला तेव्हा त्याला घाम फुटला. पाहुण्यांच्या गाड्या वळणावर दिसत होत्या.

"मावशी, एवढी इस्त्री फिरवा ना पटकन."

"फिरवते की. कशावर फिरवू? तुमच्या पाठीवर?"

टेबल गेलं त्याच्या दुप्पट वेगानं परत आलं. मावशींनी पडदा पसरला, पण इस्त्री वरच धरली.

"पुन्हा हलणार का हे?"

"नाही हलणार," साहेब पुटपुटला.

"जरा मोठ्यानं बोला. हमालांना ऐकू जाऊ दे."

साहेब असा ओरडला की बँडवाले वाजवायचं थांबले.

मग पडदा इस्त्रीखालून गेला, पुतळ्यावर चढला, ठरल्याप्रमाणे खाली पडला आणि टाळ्या झाल्या. नवा नेता पायघोळ कोटातला निघाला. सावली टेबलाला पुरून उरली. मावशींना माणूस बरा वाटला.

पाहुणे पांगल्यावर त्यांनी पडदा झटकला, चौपदरी घडी केली आणि टेबलाखाली ठेवली.

"तो गोदामात जमा करायचा असतो," साहेब म्हणाला.

"राहू दे इथंच," इस्त्रीत कोळसे घालत मावशी म्हणाल्या. "परत लागतो."