हातवाल्या माईंची भिंत

झेरॉक्सच्या दुकानावरच्या त्या खोलीसाठी बायका पार खालच्या पायरीपर्यंत उभ्या असायच्या. आत हातवाल्या माई एकेकीच्या ओटीपोटावर तळहात ठेवायच्या आणि डोळे मिटून म्हणायच्या, "विरघळ गं बाई, विरघळ." की अंडाशयातली गाठ म्हणे लोण्यासारखी वितळायची. पुरावा भिंतीवर होता. जोडीजोडीने टाचलेल्या सोनोग्राफ्या, डावीकडे गाठ असलेली, उजवीकडे गाठ गेलेली. त्यात अगदी मधोमध एक जोडी माझ्या धाकट्या जावेची होती.

मी जळले, सरळ सांगते. आम्ही दोघी एकाच शिलाई कारखान्यात, मी कॉलरच्या मशीनवर, ती काजं-बटणांवर. माझं ओटीपोट कित्येक वर्षं दुखत होतं. पाळीत तर दात आवळून मशीनवर बसायचे. सासूबाई म्हणायच्या, बाईच्या जातीला एवढं चालायचंच. हिला मात्र जरा कळ आली काय, गाठ निघाली काय, आणि माईंचा हात लागताच गेली काय. आता त्याच सासूबाई तिला बसल्या जागी चहा देत होत्या.

मग मीही रांगेत उभी राहिले. माझ्याही अंडाशयात गाठ निघाली होती आणि डॉक्टरबाईंनी ऑपरेशन सांगितलं होतं, ते पुढे ढकललं. दोन पाळ्या गेल्या. नवा रिपोर्ट आला, गाठ वाढलेली. माईंनी मला पडद्याआड नेलं आणि कानाशी लागल्या.

"तुझ्या मनात मत्सर आहे. कुणाचं बरं झालेलं तुला बघवत नाही. तो सुटेपर्यंत ही गाठ सुटायची नाही. बाहेर बोलू नकोस, तुझीच शोभा होईल."

बाईचा नेम अचूक लागला. मी मत्सर सोडायचा चंग बांधला. धाकटीच्या हातच्या भाजीचं कौतुक केलं, तिच्या वाटची भांडी घासली. दुखणं वाढलं, जळणंही वाढलं.

पुढच्या वेळी जिन्यात धाकटीच उभी. माईंनी तिला आपली कहाणी सांगायला बोलावलं होतं, आणि बायका तिच्याकडे भारावून बघत होत्या. मला राहवेना.

"हिची गाठ गेली, माझी वाढली," मी सगळ्यांच्या देखत म्हणाले. "का, तर मी मत्सरी. आहेच मी मत्सरी. पण या जिन्यात मी एकटीच आहे का?"

मग बँकेतल्या कॅशियरबाई खाली मान घालून म्हणाल्या, "मलाही तेच सांगितलंय. पडद्याआड." मागून शाळेतल्या बाई म्हणाल्या, मलाही. मग आणखी एक, आणखी एक. 'मी मत्सरी आहे' असं गावभर कोण सांगत सुटणार? ज्यांची गाठ गेली त्या भिंतीवर लागत होत्या, जिची गेली नाही ती तोंड मिटून घरी बसत होती.

धाकटीचा चेहरा उतरला. "मग माझी कशी गेली, ताई?"

तिला घेऊन मी डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी दोघींचे रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले. धाकटीची गाठ साधी, पाण्याची. अंडं तयार होणाऱ्या पिशवीत कधी पाणी साचतं, आणि ते बहुतेक वेळा आपोआप जिरतं.

"मी तुम्हाला काय सांगितलं होतं?" त्यांनी तिला विचारलं.

"थांबा. दोन-तीन पाळ्यांनी पुन्हा सोनोग्राफी करा."

"आणि तुमच्या माईंनी?"

धाकटी पुटपुटली, "दोन पाळ्यांनी फोटो काढून या."

माझी गाठ वेगळी होती. गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर अंडाशयात वाढलेला. पाळीत त्यातूनही रक्त सुटतं आणि आतच साचत जातं. ती तळहाताने जात नाही, नुसती वाट बघूनही जात नाही. आणखी रेंगाळले असते तर अंडाशयच गमवायची वेळ आली असती. मी हळूच विचारलं, मत्सराने गाठ होते का हो? डॉक्टरबाई हसल्या. "तसं असतं तर माझ्या दारात पुरुषांचीही रांग लागली असती."

ऑपरेशन झालं, अंडाशय वाचलं. उशाशी धाकटीच बसली होती.

बायांनो, भिंतीवर काय लावलंय ते बघताना काय लावलेलं नाही, तेही विचारा. कळ सोसू नका, तपासून घ्या. मन निर्मळ होण्याची वाट बघू नका. माझी गाठ गेली, दुखणं गेलं. मत्सर मात्र जागच्या जागी आहे, कारण धाकटीच्या पोटावर एक टाका नाही.