धडधाकट माणसांची खाट

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी खाट आहे. घरातली नव्हे, दवाखान्यातली. आज भंगाराच्या ढिगावर उताणी पडले आहे आणि माझा एक पाय कुठे गेला ते मलाही ठाऊक नाही. येणारे-जाणारे म्हणतात, हिला वितळवा एकदाची. वितळवा बाबांनो, पण आधी माझं थोडं ऐकून घ्या.

माझा जन्म हिंगोलीतल्या एका वेल्डिंगच्या दुकानात झाला. पांढरा रंग लागला, डोक्याकडे दांडा बसला आणि टेम्पोत बसून मी एका लहानशा खासगी दवाखान्यात आले. तिथले म्हातारे डॉक्टर भला माणूस. हळद शिजवताना भाजलेली माणसं, विंचू चावलेली लेकरं, अडलेल्या बाळंतिणी, सगळे माझ्यावर निजून गेले. कुणी कण्हलं, कुणी मला शिव्याही घातल्या. पण बरं वाटलं की माझ्या दांड्याचाच आधार घेऊन उठायचे, तेव्हा मला फार समाधान वाटायचं. कुरुंदा गावची एक म्हातारी तर जाताना माझ्या पायाला हळदकुंकू लावून गेली. नर्स हसली. मी नाही हसले.

मग म्हातारे डॉक्टर वारले आणि दवाखाना दुसऱ्यांनी घेतला. भिंतींना टाइल्स लागल्या, दारावर आरोग्य योजनेचा मोठा फलक आला. योजना चांगलीच होती हो. गरिबाचं ऑपरेशन फुकट व्हायचं आणि विम्याचे पैसे परस्पर दवाखान्याला मिळायचे. पण नव्या मालकाचा डोळा रोग्यावर नव्हता, रोग्याच्या कार्डावर होता.

एके दिवशी त्यांचा माणूस सोमेश्वर औंढ्याकडच्या एका तांड्यावरून जीपभर माणसं घेऊन आला. फुकट तपासणी आहे म्हणाला. बायका सणासारख्या नटून आल्या होत्या. कुणीच कण्हत नव्हतं, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. सोमेश्वर म्हणाला, निजा, सलाईन लावू, फोटो काढू, अंगठा द्या, म्हणजे कार्ड चालू राहतं. पण कुणी पुढं होईना. नायक करील ते मग बाकीच्यांनी करायचं, अशी तांड्याची रीत. थावरा नायकाला ते ठाऊक होतं. त्यानं पागोटं उशाशी ठेवलं आणि पहिला तोच माझ्यावर आडवा झाला. मग सगळ्यांची भीड चेपली.

त्याच्यामागून त्याची बायको मोतीबाई. ती मात्र उभीच राहिली.

"मला काय झालं न्हाई. मग सुई काहून टोचून राहिले?"

"निज गं," थावरा म्हणाला. "ताकदीचं पाणी हाय. एवढी चांगली माणसं, शिरा खाऊ घालून राहिली. त्यांचा शब्द मोडावा का?"

ती निजली. फोटो निघाला. शेजारी एक जण संगणकात भरत होता, मोतीबाई, अपेंडिक्सचं ऑपरेशन. अगं बाई, उठ, मला ओरडावंसं वाटलं. पण लोखंडाचं कोण ऐकतं? संध्याकाळी सगळे जीपमधून आनंदात परत गेले.

सोयाबीन काढणीच्या दिवसांत मोतीबाई पुन्हा आली. या वेळी सुनेच्या खांद्यावर मान टाकून आली. पोटात उजवीकडे आगडोंब उठला होता. वाटेत सरकारी दवाखाना लागला, सून संगीता म्हणाली इथंच उतरू. पण थावरानं ऐकलं नाही. "ज्यांचं अन्न खाल्लं ती आपली माणसं," म्हणाला. अन्न खाल्लं की नातं जुळलं, हे त्याचं इमान. त्या इमानानंच त्याचा घात केला.

डॉक्टरनं पोट दाबलं आणि त्याचा चेहरा उतरला. या वेळी खरोखरच अपेंडिक्स होतं, ताबडतोब काढायला हवं होतं. पण काढायचं कसं? त्यांच्याच संगणकात ते आधीच काढून झालं होतं! दुसऱ्यांदा काढलं की चोरी उघडी पडणार. मालक आणि डॉक्टर आत कुजबुजत बसले आणि बाहेर सांगितलं, गॅस झालाय, सलाईन संपू द्या.

मोतीबाई माझा दांडा घट्ट धरून होती. "मला दुसरीकडं न्या," ती म्हणायची. थावरा म्हणायचा, "थांब जरा, साहेब बघून राहिले." दिवस कलता कलता तिचं दुखणं एकदम थांबलं. थावराचा जीव भांड्यात पडला. "बघ, उतरलं का न्हाई?" तो तिच्या कपाळावरून हात फिरवत म्हणाला. अरे वेड्या, ते उतरलं नव्हतं, आत फुटलं होतं. थोड्याच वेळात तिला थंडी भरली, माझं सगळं अंग तिच्याबरोबर थरथरू लागलं. तेव्हा कुठं ते म्हणाले, नांदेडला न्या.

नांदेडला पोचेपर्यंत ती गेली होती. तिथल्या डॉक्टरांना संगणकात ऑपरेशन दिसलं, पण पोटावर टाक्याची खूण दिसेना. त्यातून चौकशी लागली. चौकशीच्या बाई आल्या तेव्हा थावरा माझ्यावरच बसला होता.

"तुमच्या फोनवर ऑपरेशनचा मेसेज आला नव्हता का?" त्यांनी विचारलं.

"आला आसंल. आमी जाहिरात समजून पुसून टाकतो."

बाईंनी जुनी नोंद वाचली. रुग्ण पूर्ण बरी होऊन घरी गेली.

"पुन्हा वाचा," थावरा म्हणाला. त्यांनी पुन्हा वाचलं. "म्हंजी कागदावर तरी घरी आली म्हणा," एवढंच बोलला. मित्रांनो, लोखंडाला रडता येत असतं तर मी त्या दिवशी गंजून गेले असते.

दवाखान्याला कुलूप लागलं आणि आम्ही खाटा भंगारात निघालो. आता माझं एकच मागणं आहे. काही दुखत नसताना कुणी निजवू लागलं तर निजू नका. गोड बोलून कार्ड आणि अंगठा मागितला, तर काय लिहिताय ते मोठ्यानं वाचायला लावा. तुम्हाला तर वाचता येतं. मग आजीआजोबांच्या फोनवर योजनेचा मेसेज आला तर तो वाचून दाखवा, आणि खोटा वाटला तर त्याच दिवशी तक्रार करायला लावा. मोतीबाईचा मेसेज कुणी वाचला असता, तर चोरी तेव्हाच पकडली गेली असती आणि मोतीबाई या दिवाळीला घरी असती.