चोरओटी

चैत्रातल्या हळदीकुंकवाला पन्हं, कैरीची डाळ आणि भिजवलेले हरभरे एवढं असलं की पुरतं. बाकीचा मसाला बायका स्वतःच घेऊन येतात. डोंबिवलीतल्या त्या सोसायटीच्या हॉलमध्ये उत्तराकाकूंनी उर्वीच्या पदरात हरभऱ्यांची ओंजळ घातली, तिच्या पोटाकडे मायेने बघितलं, आणि कानाशी वाकून, पण चार खुर्च्यांपर्यंत ऐकू जाईल अशा बेताने विचारलं, "कितवा गं?"

उर्वी म्हणाली, "चौथा."

एवढंच. एक शब्द, आणि तोही खोटा. तिला दिवस गेलेले नव्हते. दहा महिन्यांची इंदू तिच्या मांडीवर बसून एक हरभरा तोंडात कोंबायला बघत होती, आणि पोटात दुसरं कुणीही नव्हतं.

मग असं का बोलली? कारण खरं बोलून ती दमली होती. लिफ्टमध्ये, भाजीवाल्याकडे, डॉक्टरच्या दारात, जिथे तिथे हा प्रश्न यायचा. "नाही हो, तसं काही नाही," म्हटलं की समोरच्या बाईचं तोंड आधी पडायचं, मग सावरायचं, आणि मग सुरू व्हायचं. पट्टा नाही का बांधलास? शेक घेतला नाहीस? सिझेरियन होतं का? कोपरीत मावसभावाच्या मुंजीत तर एका बाईंनी भर पंगतीत, मठ्ठ्याचा पेला बाजूला ठेवून, पोट आत कसं घ्यायचं ते बसल्या जागी करून दाखवलं होतं. आजूबाजूचे पुरुष मान खाली घालून जिलेबी खात राहिले. त्या दिवशी उर्वीला धरणीने पोटात घ्यावं असं झालं होतं. हळदीकुंकवाच्या हॉलमध्ये तिला ते सगळं पुन्हा नको होतं, म्हणून ती "चौथा" म्हणाली.

पोट सुटणं वेगळं आणि हे वेगळं. बाकी उर्वी बारीकच होती. मनगटं काडीसारखी, गाल बसलेले. पण पोट मात्र इंदू अजून बाहेर आलीच नाही असं. सकाळी त्यातल्या त्यात बरं, संध्याकाळपर्यंत फुगून पुढे. अंथरुणावरून उठायला गेली की बेंबीच्या वरखाली मधोमध एक उंचवटा ताठ उभा राहायचा, आणि आडवं होऊन मान जराशी उचलली की त्याच जागी तीन बोटं आत जायची. तिथे जणू आतली शिवण उसवली होती. डॉक्टरीणबाईंनी कपड्यांवरूनच बघून "वजन कमी करा, चालायला जा" असं सांगितलं होतं. मग तिने दाराला कडी लावून, मोबाइलवर बघून, पाठीवर झोपून धाडधाड उठायचे व्यायाम केले. उंचवटा आणखी वाढला. तिने व्यायाम सोडले आणि घेरदार कुडते घेतले. ठाण्याच्या वर्तकनगरहून आई फोनवर म्हणायची, "तरी मी सांगत होते, पट्टा बांध."

साकेतला, म्हणजे नवऱ्याला, तिने इंदू झाल्यापासून आपलं पोट दिसू दिलं नव्हतं. कपडे बदलायचे ते न्हाणीघरात, आणि तेही दिवा न लावता. साकेत समजूतदार होता. म्हणजे काही विचारायचा नाही. समजूतदार नवऱ्यांचं एवढंच असतं.

त्या एका शब्दानंतर मात्र सोसायटीचा नूरच पालटला. वॉचमन काळुराम तिच्या हातातली पिशवी ओढून घेऊन लिफ्टपर्यंत आणून द्यायला लागला. दुसऱ्या मजल्यावरची प्रीती लिफ्टचं दार धरून उभी राहायची, "या ताई, जपून." कुणी कैऱ्या पाठवल्या. कुणी पाठीमागे "इतक्या लवकर? पहिली अजून रांगतेय," असंही म्हणालं, पण तेही हसून. ज्या पोटाकडे बघून लोक डोळे फिरवायचे, त्याच पोटाकडे आता ते कौतुकाने बघत होते. उर्वी पोटावर हात ठेवून चालायला लागली. आधी ती झाकण्यासाठी हात ठेवायची, आता मिरवण्यासाठी. आणि तिला ते आवडत होतं. खोटं बोलल्याची लाज एकवेळ पचली असती, पण हे आवडतंय याची लाज तिला जाळत होती.

दोन-चारदा तिने ठरवलं, आज सांगून टाकू. पण कुणाला, आणि काय म्हणून? "मला दिवस नाहीत, मी गंमत केली"? असली गंमत कुणी करतं का?

मग वैशाखात एका शुक्रवारी सकाळी उत्तराकाकू दारात उभ्या. याच मजल्यावर राहायच्या, निवृत्त शिक्षिका. बोलणं छापील आणि नजर फळा पुसल्यासारखी स्वच्छ.

"पाचवा लागला ना? आज संध्याकाळी घरी ये. चोरओटी भरते तुझी."

"काकू, कशाला उगाच..."

"उगाच काय? तुझ्या सासूबाई नाहीत, आई ठाण्याला. कुणाला बोलावणार नाहीये मी. गाजावाजा नाही म्हणून तर चोरओटी. गुपचूप भरायची आणि गुपचूप घरी जायचं. सातव्यात मग डोहाळजेवण थाटात करू."

सातव्यात! उर्वीच्या पोटात गोळा आला. पोटात काही यायचंच तर तेवढंच यायचं बाकी होतं.

संध्याकाळी इंदूला साकेतकडे देऊन ती गेली. काकूंच्या दिवाणखान्यात पाट मांडलेला, भोवती रांगोळीचं बोट फिरवलेलं. भिंतीला टेकून देवयानी उभी होती, काकूंची सून. बँकेत नोकरी, लग्नाला सात-आठ वर्षं झालेली, आणि ठाण्याच्या एका दवाखान्यात मुलासाठी उपचार चाललेले. सोसायटीत हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी विचारायचं नाही, निदान तिच्या तोंडावर. एरवी सकाळी लिफ्टमध्ये भेटायची. अलीकडे बरेच दिवस दिसली नव्हती. आज तिने उर्वीकडे बघून ओठ हलवले, त्याला हसू म्हणायचं तर म्हणावं.

पाटावर बसणं सोपं होतं. काकूंनी हळदकुंकू लावलं, हातावर अत्तर लावलं, आणि तांदूळ, नारळ, खण, हळकुंड, सुपारी, वर पाच फळं अशी ओटी भरली. पदर जड झाला. खालून तांदळाचा गारवा पोटाला लागत होता आणि उर्वीला वाटत होतं, आपण इथून उठून पळावं, इमारतीतून, डोंबिवलीतून, कुठेही.

"आता एक करायचं," काकू म्हणाल्या, आणि त्यांचा छापील आवाज पहिल्यांदाच जरा चिरकला. "आमच्या माहेरी पद्धत आहे. गर्भारशीने आपल्या ओटीतलं एक फळ स्वतःच्या हाताने दुसरीच्या ओटीत घालायचं. देवयानीचं मंगळवारी आहे, दवाखान्यात. ही खेप शेवटची, असं ठरलंय त्यांचं. तू हसतमुखाने एक फळ घाल. बाकी मला काही नको."

म्हणजे यासाठी होतं हे सगळं.

देवयानी पुढे आली. तिचा यावर विश्वास नव्हता, ते तिच्या कपाळावर लिहिलेलं होतं. तरी ती गुडघ्यांवर बसली आणि तिने ओढणीचं टोक दोन्ही हातांनी पसरलं. विश्वास नसलेल्या माणसाने असं काही पसरलेलं बघवत नाही. उर्वीने डाळिंब उचललं. देवयानीच्या ओढणीपर्यंत हात गेला आणि तिथेच थांबला.

"काकू, मला दिवस नाहीत."

मग काकू झटकन तिच्याशेजारी खाली बसल्या आणि त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"अगं पोरी! कधी गेलं? आणि सांगितलं नाहीस कुणाला? एकटीने सोसलंस?"

उर्वीने वर बघितलं. काकूंचे डोळे भरले होते. बाहेर पडायची वाट समोर उघडी होती. नुसती मान हलवायची. सगळी सोसायटी हळहळली असती, कुणी हसलं नसतं, आणि पुढचं वर्षभर पोटाबद्दल कुणी ब्र काढला नसता. तिची मान हलायलाही लागली होती. पण समोर देवयानी होती. तिचं खरोखर गेलेलं होतं, दोनदा. तिच्यासमोर ते चोरायचं म्हणजे...

"काही गेलं नाही, काकू. नव्हतंच. हे नुसतं पोट आहे, बाळंतपणापासून असंच. तुम्ही विचारलंत, सगळ्या बघत होत्या, आणि मी बोलून गेले. नंतर सांगायची हिंमतच झाली नाही." तिचा आवाज फुटला. "चुकलं माझं. पोटात घाला."

काकूंनी तिच्या पाठीवरचा हात काढला.

"माझं पोट एवढं मोठं नाही गं," त्या म्हणाल्या, आणि उठून आत गेल्या.

उर्वीने ओटी खाली ठेवायला घेतली तशी आतून आवाज आला, "भरलेली ओटी परत घेत नाहीत. घेऊन जा."

घेऊन जा म्हणणं सोपं होतं. पदर दोन्ही हातांनी धरून पाटावरून उठायला पोटात जोर लागतो, आणि तोच तर उर्वीकडे नव्हता. एरवी ती कुशीवर वळून, जमिनीला हात टेकून उठायची. आता वळावं तर तांदूळ सांडणार. तिने एकदा जोर केला, परत बसली. दुसऱ्यांदा केला, परत बसली. नारळ घरंगळून देवयानीच्या गुडघ्यापाशी गेला. इतकी लाज तिला कोपरीच्या पंगतीतही वाटली नव्हती.

"हळदीकुंकवाच्या दिवसापासून मी जिन्याने जाते," देवयानी म्हणाली. आवाज चढवला नव्हता. "तू लिफ्टमध्ये असशील म्हणून. पाचव्या मजल्यावरून जिन्याने. तुझं ते पोट बघायला नको म्हणून."

उर्वी रडायला लागली, आणि रडताना ते पोटही हलायला लागलं.

देवयानीने पुढे होऊन ओटीचं सगळं ओझं आपल्या ओढणीत घेतलं, बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "मग आहे काय ते? दाखव."

"नको."

"मला इतकी वर्षं कोण कोण तपासतंय. मला कसली लाज दाखवतेस? झोप."

दार लोटलेलं होतं. उर्वी जमिनीवर आडवी झाली, निऱ्यांवरून साडी खाली सरकवली आणि डोळे मिटून मान उचलली. उंचवटा उभा राहिला. अकरा महिन्यांत कुणी बघितला नव्हता तो. देवयानीची गार बोटं मधल्या खाचेत गेली आणि तिथेच राहिली.

"दुखतं?"

"पाठ दुखते. इथे नाही. इथे फक्त लाज वाटते."

"स्नायू फाकलेत मधून," देवयानी म्हणाली. "आमच्या दवाखान्याच्या खालीच फिजिओ आहे एक. बाहेर पाटी आहे, ह्याचं चित्रसुद्धा आहे त्यावर. मी दर खेपेला बाहेर बसून तेच वाचते, दुसरं काय करणार. उठायचे व्यायाम केलेस का तू?"

"केले."

"ते करायचे नसतात ह्याला. आधी श्वासाचे असतात." तिने हात देऊन उर्वीला कुशीवरून उठवलं. "मी तुला माफ केलंय असं समजू नकोस. मंगळवारी सकाळी निघते मी. यायचं तर ये."

दुसऱ्या दिवशी सकाळी उर्वीने साकेतला सगळं सांगितलं. तो आधी हसला. "तरीच पार्किंगमध्ये सेक्रेटरी मला डोळा मारत होते!" मग तिच्याकडे बघून त्याचं हसू मावळलं. "पण मला का नाही सांगितलंस गं?" तो पुन्हा पुन्हा एवढंच विचारत राहिला. तिने खिडकीचा पडदा सरकवला आणि कुडता वर केला. त्याने बघितलं. "मला वाटायचं, तुला मी जवळ नको असतो," तो म्हणाला.

सोसायटीला मात्र कुणी काही सांगितलं नव्हतं. काकूंनी चोरओटीची गोष्ट चोरीतच ठेवली, आणि उर्वीशी बोलणं बंद केलं.

मंगळवारी उर्वी बाहेर आली तेव्हा देवयानी लिफ्टपाशी उभी होती, जिन्यापाशी नाही. काकू दह्याची वाटी घेऊन दारात आल्या होत्या, सुनेच्या हातावर दही घालायला. त्यांनी उर्वीकडे बघितलंच नाही. तेवढ्यात लिफ्ट आली. आत प्रीती होती, गच्चीवर कुरडया वाळत घालून खाली निघालेली. तिने लगबगीने दार धरलं.

"या ताई, या, जपून. पाचवा ना हो आता?"

काकूंचा चमचा वाटीत थांबला. देवयानी खाली बघत राहिली. कुणीही उर्वीच्या मदतीला येणार नव्हतं.

"पाचवा नाही आणि चौथाही नव्हता," ती म्हणाली. "मी खोटं बोलले होते. पोटाचे स्नायू मधून फाकलेत बाळंतपणात. ते दाखवायला चाललेय ठाण्याला. तू बाकीच्यांनाही सांग."

प्रीतीचं तोंड पडलं. मग सावरलं. मग तिची नजर सरळ उर्वीच्या पोटावर गेली आणि तिथेच खिळली. उर्वी तशीच उभी राहिली.

काकूंनी देवयानीच्या हातावर दही घातलं. देवयानीने ते चाटलं आणि ती लिफ्टमध्ये शिरली. काकू वळल्या नाहीत. त्यांनी वाटीतलं उरलेलं दही चमच्यात घेतलं.

"हात पुढे कर," त्या म्हणाल्या, उर्वीकडे न बघता.

दह्याला उजवाच हात लागतो. तो पोटावर होता, ओढणी घट्ट धरून. उर्वीने ओढणी सोडली आणि तो पुढे केला.