पहिल्या धारेचा द्रोण

मी एक जुनं मडकं आहे. म्हणजे खरं सांगायचं तर मडक्याचं उरलेलं बूड. मित्रांनो, नाक मुरडू नका! रोहण्याच्या बाजारात गंगाबाईने मला वाजवून वाजवून निवडलं, ते पाणी भरायला नव्हे, मोहाची दारू गाळायला. तिच्या सासूची, आजेसासूचीही भट्टी होती. माझ्या पोटात आंबवलेली मोहफुलं, खाली मंद जाळ, तोंडाला बांबूची नळी. वाफ थंड होऊन पलीकडच्या गाडग्यात टपकायची. काय तो माझा थाट! लग्न असो की बारसं, गोंडांच्या त्या पाड्यात माझ्यावाचून पान हलत नसे.

मग दारूबंदी आली आणि माझी रवानगी कणगीमागे झाली.

चोपन्न सालच्या उन्हाळ्यात गंगाबाईचा म्हातारा वारला. पहिल्या धारेचा द्रोण मयताच्या मातीवर सांडायचा, तेव्हाच तो पूर्वजांत जाऊन बसतो, अशी त्या घरची रीत. म्हणून मला पुन्हा चुलीवर चढवलं. दुसरीही एक रीत होती. भट्टी पेटलेली असताना आलेल्याला कोरड्या तोंडी परत पाठवायचं नाही.

द्रोण भरला आणि नेमका घनश्याम आला. चौकीचा नवा शिपाई, पण साध्या कपड्यात. कुणी ओळखलं नाही.

"बुढा गेला म्हणून दुरून आलो, माय. घसा वाळला."

"हा बाबाचा द्रोण आहे," मुलगा कवडू म्हणाला. "दुसरा भरू दे."

"बाबा थांबते रे. पाहुण्याले कसं थांबवाव?" गंगाबाईने द्रोण पुढे केला.

त्या मेल्याने द्रोण तोंडाला लावलाच नाही. खिशातून बाटली काढून तीत ओतला, बूच मारलं. "हा पुरावा." शिट्टी वाजली, दबा धरलेले दोघे शिपाई धावत आले, कवडूचे हात बांधले.

गंगाबाईने पाय धरले. "एक थेंब सांड रे दादा, बुढ्याच्या मातीवर. एकच."

तो हसला. "पोराले सोडतो. पण मडकं तू फोड, तुह्याच हातानं."

तिने माझ्यावरून एकदा हात फिरवला आणि मुसळ घातलं. उकळतं सगळं तिच्या पायांवर सांडलं, तरी ती कवडूकडेच पाहत होती.

"याड लागलं काय बुढीले?" म्हणत घनश्याम कवडूला घेऊन गेला. पुरावा म्हणून माझं बूडही नेलं. धास्तीने पाड्यातल्या सगळ्यांनी आपापली मडकी विहिरीत टाकली.

कवडूला सजा झाली. तो सुटण्याआधीच माय गेली. तिच्यासाठीही धार निघाली नाही.

मी चौकीच्या आवारात, कुत्र्याला पाणी ठेवायला. निकालानंतर एका दुपारी घनश्याम तीच बाटली घेऊन माझ्याशेजारी बसला आणि चवीने प्यायला. हनुवटीवरून एक थेंब मातीवर पडला. पडला हो थेंब! पण म्हातारा तिथे कुठे होता?

मित्रांनो, मला जपलं नाहीत तरी चालेल, मडकं फुटायचंच. पण कुणाचं काही मोडायचंच असेल, तर आपल्या हाताने मोडा. त्याच्या आईकडून मोडवून घेऊ नका.