दोनाचे चार हात

सासऱ्यांच्या तोंडून एकदा तरी आपल्यासाठी "जमलं" हा शब्द निघावा, एवढीच थोरल्या जावयांची आयुष्याकडे मागणी उरली होती. मागणी लहान होती, पण लहान मागण्यांनाच देव फार वेळ लावतो. मोठं काही मागितलं तर निदान नाही म्हणून मोकळा तरी होतो.

सासरे एका लहानशा विमानतळावर नोकरीला होते. विमान उतरून आलं की त्याच्या समोर उभं राहायचं, दोन हातांत दोन रंगीत थाप्या घ्यायच्या आणि पायलटला खुणा करायच्या: पुढे या, थोडं डावीकडे, हळू. शेवटी हात डोक्यावर फुलीसारखे धरले की थांबा. पुढचं चाक जमिनीवरच्या पिवळ्या रेघेवर नेमकं टेकलं तर ते मनाशी म्हणायचे, "जमलं." वीतभर इकडेतिकडे झालं तर, "ठीक आहे." पुढे विमानतळ बंद झाला, तिथे गोदामं उठली, सासरे निवृत्त झाले, पण ही मापं त्यांच्याबरोबर घरी आली. मुलीचं लग्न ठीक झालं. जावयाची नोकरी ठीक होती. जावयाने घर घेतलं तेव्हा सासरे सगळ्या खोल्या फिरले, मोरीतला नळ उघडून बंद केला आणि म्हणाले, "ठीक आहे. ठिबकतोय."

थोरले एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. दुसऱ्याच्या चुका काढायच्या आणि त्याबद्दल पगार घ्यायचा, असं भाग्य सगळ्यांना लाभत नाही. बाकीचे लोक हे काम फुकट करतात. धाकटे जावई लिफ्ट दुरुस्त करायचे. जगाला वर-खाली न्यायचा धंदा असल्यामुळे स्वतः मात्र कायम एकाच मजल्यावर, म्हणजे खुशीत. धाकट्यांना तो शब्द लग्नानंतर लगेचच मिळून गेला होता, तोही कपाटाच्या दाराची कुरकुर थांबवल्याबद्दल. त्यांना ते आठवतही नव्हतं. थोरल्यांना आठवत होतं.

असं सगळं सुरळीत चाललं असताना एके दिवशी चहा पिता पिता सासरे म्हणाले, "जन्मभर लोकांना उतरवलं. आपण कधी आपल्या पट्टीवर वरून आलो नाही."

बस, एवढंच बोलले आणि वर्तमानपत्र उघडलं. पण दोन्ही जावयांच्या कानांनी ते वाक्य उचललं.

धाकट्यांनी काय केलं, तर सासऱ्यांच्या बैठकीच्या खोलीत एक दणकट संगणक आणून बसवला. त्याला विमानाचा दांडा जोडला, पायांत पेडल दिली आणि विमान उडवायचा सिम्युलेटर घातला. सासूबाई त्याला खेळ म्हणायच्या. "खेळ नाही आई, सिम्युलेटर," असं धाकटे सांगायचे, आणि सासूबाई म्हणायच्या, "तेच ते. पसारा तेवढाच." त्या खेळात सगळी पृथ्वी होती. नव्हता तो फक्त सासऱ्यांचा विमानतळ, कारण तो पृथ्वीवरच उरला नव्हता. जे खेळात नाही ते बाहेरून करून आत घालायचं, त्याला ॲड-ऑन म्हणतात. एक फोल्डर करायचा, ठरलेल्या जागी ठेवायचा, की खेळ सुरू होताना तो वाचला जातो आणि जमिनीवर उगवतो.

हा ॲड-ऑन थोरल्यांनी करायला घेतला. छापखान्यातून आले की हातपाय धुऊन संगणकासमोर बसायचे ते जेवणाची तिसरी हाक येईपर्यंत. धावपट्टी आखली. कचेरीची भिंत कोणत्या रंगाची होती ते सासूबाईंना आडून आडून विचारून घेतलं. त्या म्हणाल्या, "मळकी." मग मळका रंग सापडायलाच एक आठवडा गेला. आणि सगळ्यात शेवटी, विमानं थांबायच्या जागी, त्यांनी एक माणूस उभा केला. निळी टोपी, डावा खांदा किंचित उतरलेला, हातांत दोन थाप्या. जुन्या फोटोवरून हुबेहूब सासरे. नैवेद्याला पान मांडावं तसं त्यांनी त्या माणसाला मांडलं होतं. विमान समोर येऊन उभं राहिलं की तो हात डोक्यावर नेऊन फुली धरणार, आणि विमानात बसलेले सासरे तो शब्द बोलणार. हा सोहळा थोरल्यांनी मनात इतक्या वेळा करून पाहिला होता की प्रत्यक्ष करणं ही आता केवळ औपचारिकता होती.

सुट्टीच्या दिवशी सकाळीच ते पेन ड्राइव्ह खिशात घालून सासुरवाडीला पोचले. धाकटे आधीच खुर्चीत.

"या साडूभाऊ. मामांचा विमानतळ घातला की नाही बघा. इंटरनेटवर आयता मिळाला. कोण्या हौशी माणसाने करून ठेवलाय, झाडंबिडं सगळी."

"आयता," थोरले म्हणाले.

"फुकट. तुमच्या खिशात काय आहे?"

"माझाही आहे एक. केलाय थोडासा."

"वा, मग घाला की. एकाला दोन. मी चहा सांगतो."

एकाला दोन कसे चालतील, हे काही लिफ्टवाल्याच्या लक्षात आलं नाही. लिफ्ट दोन असल्या तर लोक दुवा देतात. थोरल्यांनी मात्र याबद्दल वाचलं होतं. एकाच जागेविषयी दोन फोल्डर बोलायला लागले की झगडा होतो, आणि त्याचा निवाडाही ठरलेला आहे: खेळ फोल्डर अकारविल्हे वाचतो, आणि जो शेवटी वाचला जातो त्याचं खरं. घराघरांत हाच कायदा आहे, फक्त तिथे अकारविल्हे नसतं.

थोरल्यांच्या फोल्डरमध्ये तर पहिलीच आज्ञा होती की या जागी आधी जे काही असेल ते सगळं पुसून टाक आणि मग माझं उभं कर. म्हणजे आपला फोल्डर धाकट्यांच्या नंतर वाचला गेला की झालं. त्यांचा विमानतळ पुसला जाणार, आपला उभा राहणार, आणि कुणाला काही बोलायची गरज नाही. वाईटपणा संगणकाच्या माथी.

धाकट्यांनी आपल्या फोल्डरला नाव दिलं होतं, "मामाचा विमानतळ". मामांवरचा अनुस्वार गेला होता आणि त्याबरोबर आदरही. एरवी थोरल्यांनी ते टिंब आधी दिलं असतं. आज हात आवरला. स्वयंपाकघरातून कपांचा आवाज येत होता. त्यांनी आपला फोल्डर आत टाकला आणि नावापुढे शेवटचं अक्षर जोडलं. शेवटचं अक्षर कोणतं, हे त्यांना विचारायची सोय नव्हती. पाटीवर शिकलो, तक्त्यावर पाहिलं, मुलांना शिकवलं, कोशांची मुद्रितं तपासली. ळ, क्ष, ज्ञ. ज्ञ ज्ञानाचा. त्याच्या पुढे अक्षर नाही.

"ज्ञ मामांचा विमानतळ". अनुस्वारासह.

लावून पाहायला वेळ नव्हता. सासरे अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, बाहेरगावी निघाल्यासारखे येऊन बसले. मागे सासूबाई, दोन्ही मुली. धाकट्यांनी दांडा कसा धरायचा ते दाखवलं. जन्मभर समोर उभं राहून पाहिलेलं असल्यामुळे सासऱ्यांना विमान उलट्या बाजूने ओळखीचं होतं. तेवढं सुलटं करून घ्यायला दोन-तीन फेऱ्या लागल्या. पहिल्या फेरीत विमान शेतात गेलं. सासूबाई म्हणाल्या, "असू दे, यांना भाजी आणायला पाठवलं तरी असंच होतं."

मग पट्टी दिसली. सासऱ्यांचा हात थांबला. ते खुर्चीत थोडे पुढे सरकले.

थोरल्यांच्या मनात मात्र पाल चुकचुकली. पट्टीच्या कडेला झाडं होती, आणि त्यांनी एकही झाड लावलं नव्हतं. मळक्या कचेरीच्या छपरातून एक वडासारखं काहीतरी वर आलं होतं. विमान टेकलं, उडालं, पुन्हा टेकलं आणि रांगत थांबायच्या जागेकडे वळलं.

तिथे तो उभा होता. निळी टोपी, उतरलेला खांदा, आणि चार हात.

दोन हात पुढे या म्हणत होते. दोन हात डोक्यावर फुली धरून थांबा म्हणत होते. दोन माणसं एकाच जागी अशी बरोबर एकात एक उभी होती की चेहरा एकच, टोपी एकच, हात तेवढे चार.

थोरल्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला, नको त्या वेळी पडतो तसा. संगणकाला ज्ञ हे अक्षरच ठाऊक नाही. त्याच्या लेखी तो अर्धा ज आणि त्याला चिकटलेला ञ. म्हणजे ज्ञ उभा राहिला ज च्या रांगेत, म च्या कितीतरी आधी. थोरल्यांचा फोल्डर आधी वाचला गेला. आधीचं सगळं पुसायला निघाला तेव्हा पाटी कोरीच होती. काही पुसलं गेलं नाही, माणूस उभा राहिला, आणि मग त्याच्यावर धाकट्यांच्या आयत्या विमानतळाबरोबर आलेला थाप्यावाला येऊन उभा राहिला. देव भावाचा भुकेला असतो, संगणक अक्षराचा. इतका हिशेब करून साडूला पुसायला जावं आणि त्याच्या गळ्यात गळा घालून उभं राहावं, याला कर्मगती म्हणतात.

धाकटी मुलगी पहिल्यांदा हसली. "बाबा, तुम्ही चतुर्भुज झालात."

"एकदा झाले होते तेवढं पुरे आहे," सासूबाई म्हणाल्या. "दोनाचे चार केले तेव्हाही कामाला दोनच यायचे."

सासरे पडद्याकडे बघत होते. विमान त्या माणसाच्या समोर येऊन उभं राहिलं. पुढचं चाक रेघेवर होतं.

"वरून टॉवरवाला सांगायचा, घे पुढे," सासरे म्हणाले. आवाज नेहमीचाच होता, फक्त हळू. "मागून साहेब ओरडायचा, थांबव. आणि पायलट माझ्याकडे बघायचा. कुणाचं ऐकायचं? मी मनात म्हणायचो, देवा, आणखी दोन हात दे रे. दोन यांच्यासाठी, दोन त्यांच्यासाठी." मग त्यांनी मान वळवली. "हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. तुम्हाला कसं कळलं?"

प्रश्न दोघांना होता. धाकट्यांनी प्रामाणिकपणे तोंड उघडलं, "मामा, मी तर नुसता—"

थोरल्यांच्या जिभेवर खरं उत्तर आलं होतं. चूक आहे मामा. टोपी माझी, खांदा माझा, तो दुसरा फुकटातला. शब्द बरोबर होते, क्रमही बरोबर होता. पण ते बोलायचं तर सासऱ्यांचे दोन हात कापून मगच बोलता आलं असतं.

"आम्ही दोघांनी मिळून केलं," थोरले म्हणाले. सकाळचा तो अनुस्वार सोडला, तर आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी डोळ्यांदेखत चूक जाऊ दिली.

सासऱ्यांनी पुन्हा पडद्याकडे पाहिलं. चाकाकडे, रेघेकडे, मग त्या चार हातांकडे.

"जमलं," ते म्हणाले. "दोघांनाही जमलं."

"दोघांनाही" हा शब्द त्या वाक्यात जादा होता. पण त्यावर काट मारायची कोणाची छाती होती? थोरल्यांनी मान खाली घातली आणि शब्द पदरात घेतला, अर्धा का होईना. धाकट्यांना तो ऐकूही गेला नाही. ते छपरातून आलेलं झाड कसं घालवावं याच्या विचारात होते. "झाड राहू द्या," सासरे म्हणाले. "सावली होईल."

पुढे खेळाची नवी आवृत्ती आली. हल्ली सगळं काही आपोआप शहाणं होतं. नव्या आवृत्तीने उघडल्याबरोबर झडती घेतली, एकाच जागी दोन माणसं आहेत असं सांगितलं आणि कुणाला न विचारता एक बंद करून टाकला. सासऱ्यांचा फोन आला. "जावईबापू, माझे दोन हात गेले. दोघं या."

दोघे आले. धाकट्यांनी मोठ्या मनाने सांगितलं, "साडूभाऊ, तुमचाच ठेवू, माझा काढून टाकू. तुमचा खांदा बरोबर आहे." वर्षापूर्वी हे ऐकायला मिळालं असतं तर थोरल्यांनी पेढे वाटले असते.

"काढायचा नाही," ते म्हणाले. "दोन्ही हवेत. आणि तुमचा माझ्या नंतर वाचला गेला पाहिजे, नाहीतर माझा तुमच्याला पुसतो."

"पुसतो? असं का केलंत?"

"तसा नियम असतो," थोरले म्हणाले आणि घाईने चष्मा पुसायला घेतला.

धाकटे दोन्ही फोल्डर काढून परत घालायला लागले. नवी आवृत्ती हट्टाला पेटली होती; दुरुस्त करू का, म्हणून पुन्हा पुन्हा विचारत होती, आणि थोरले दर वेळी पुढे वाकून नाही म्हणत होते. अखेर चार हात आले, पण दुसरा माणूस बोटभर बाजूला सरकला होता आणि टोप्या दोन दिसायला लागल्या होत्या.

"चालतंय की," धाकटे म्हणाले.

"चालत नाही. टोपी एकच होती."

"अहो साडूभाऊ, चूकच तर करायचीय."

"म्हणूनच म्हणतो. बाजूला व्हा जरा."

धाकटे उठले. थोरले खुर्चीत बसले, चष्मा नाकावर सारखा केला, आणि त्या चुकीत कुठे काही चूक तर राहिली नाही ना, हे टोपीपासून बुटापर्यंत तपासायला लागले.