दीड वीत, दोन बोटं

मिस्त्रीला टेपचा भारी राग. कारखान्यात टेप नव्हती असं नाही. खिळ्याला टांगलेली होती, पण तिच्यावर इतका भुसा साचला होता की आकडे शोधायला आधी फुंकर मारावी लागायची. बंदुकीचा दस्ता करून घ्यायला कुणी आलं, की मिस्त्री त्याच्या हातात चक्क झाडू द्यायचा. "धर खांद्याला," म्हणायचा आणि एक डोळा बारीक करून बघायचा. मग निकाल यायचा, "दीड वीत, तीन बोटं." किंवा "दीड वीत, दोन बोटं." संपलं माप. अक्रोडाच्या फळीवर अंगठा रोवायचा, करंगळी ताणायची आणि पेन्सिलीची रेघ ओढायची. पस्तीस वर्षं हेच चाललं होतं आणि नेमबाजही मोठ्या कौतुकाने सांगायचे, की मिस्त्रीची वीत चुकत नाही.

दस्ता म्हणजे बंदुकीचा खांद्याला टेकणारा लाकडी भाग. तो अंगाला नीट बसला, तर गोळी सुटल्यावरचा धक्का सगळ्या खांद्याभर पसरतो आणि माणूस लगेच पुढच्या नेमाला तयार होतो. नाही बसला, तर तोच धक्का हाडात शिरतो. हे मिस्त्री येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा, अगदी विळ्याची मूठ बसवून घ्यायला आलेल्यालाही. काम पुरं झालं, की चापाच्या मागे नखाएवढं पान कोरायचा. ती त्याची खूण.

दोन वर्षांपूर्वी त्याने भाचीसाठी दस्ता केला. लहानपणी शर्टाचं बटण गिळलं, तेव्हापासून घरात तिला सगळे बटणच म्हणायचे, आणि आता ती चोवीस वर्षांची झाली तरी त्यात फरक पडला नव्हता. मामाने तिच्यासाठी ठेवणीतलं लाकूड काढलं, आठवडाभर तेल पाजलं. नवी बंदूक खांद्याला लावून ती आरशासमोरून हलेना.

आणि मग तिचा नेम बिघडायला लागला. गोळी सुटताना अंगठा नाकावर आपटायचा, भुवईला टेंगूळ यायचं, खांदा काळानिळा पडायचा. हळूहळू चाप ओढायच्या आधीच तिचे डोळे मिटायला लागले. ती मामाकडे आली, तेव्हा मामाने बंदुकीकडे बघितलंसुद्धा नाही.

"बंदुकीला काय धाड भरलीय? तू भितेस," तो म्हणाला. "माझ्या दस्त्याने आजवर कुणाला मारलेलं नाही."

एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण बहिणीच्या घरी, चार माणसांत, त्याने वर विनोद केला, "हिच्या बंदुकीत गोळ्यांऐवजी पेपरमिंट भरा." सगळे खो खो हसले. बटणही हसली. निघताना मात्र दाराशी येऊन हळूच म्हणाली, "सॉरी मामा. तू एवढा जीव लावून केलास, मीच नालायक निघाले."

मिस्त्रीने तिच्या पाठीवर थाप मारली. तिला माफ केल्यासारखी.

त्यानंतर चारेक महिन्यांनी तो कामाच्या टेबलावरचा वाळलेला सरस खरवडत होता. सरसाखालून कडेला दोन खाचा निघाल्या. विशीत असताना, वडिलांच्या देखत, त्याने स्वतःच पाडलेल्या. एका खाचेपासून दुसरीपर्यंत त्याची वीत. गंमत म्हणून त्याने पंजा ठेवला. अंगठा एका खाचेत नीट बसला. करंगळी दुसरीपर्यंत पोचेना.

त्याने हात झटकला, पुन्हा ताणला. अंगठ्याचा सांधा दोनेक वर्षांपासून आखडलाय हे त्याला ठाऊक होतं, सकाळी शर्टाची गुंडी लावताना जाणवायचं. पण सांध्याबरोबर वीतही आखडली असेल, हे डोक्यात आलंच नव्हतं. डोळा जुन्या वितीने माप ठरवत होता आणि हात नव्या वितीने ते लाकडावर उतरवत होता. त्याने टेप काढली, फुंकर मारली. वीत अर्ध्या इंचाने कमी. म्हणजे दीड वितीत पाऊण इंच.

मिस्त्री खाली स्टुलावर बसला. दोन वर्षांत त्याने अकरा दस्ते केले होते.

लाज वाटली, आणि लाजेपेक्षा भीती जास्त. उद्या लोक म्हणतील, मिस्त्री संपला. म्हणून त्याने काय केलं, तर बटणला बोलावून घेतलं, "दस्त्यामागचं रबर झिजलंय, बदलून देतो" म्हणाला आणि आधीच्यापेक्षा पाऊण इंच जाड रबरी गादी बसवून दिली. उरलेल्या दहा जणांच्या बाबतीत मूग गिळून बसला. बोलावलं असतं, तर कारण सांगावं लागलं असतं.

बटणचा नेम परत आला. दोन महिन्यांत तिची संघात निवड झाली. भेटेल त्याला ती सांगत सुटली, "मामाने तोंडावर सांगितलं ना, की तू भित्री आहेस, म्हणून माझी भीती गेली." ते ऐकताना मिस्त्रीला जमीन दुभंगेल तर बरं असं व्हायचं. बहीण आग्रहाने वाढायची आणि तो ताट तसंच सारून उठायचा. रोज सकाळी तो ठरवायचा, आज सांगू. संध्याकाळी म्हणायचा, आता सगळं नीट झालंय, कशाला उगाच?

तिसऱ्या महिन्यातल्या एका रविवारी बटण त्याला सराव बघायला घेऊन गेली. बंद पडलेल्या खाणीत क्लबचं मैदान होतं. कोपऱ्यातल्या बाकावर टपालवाली बसली होती, पन्नाशीची, दणकट बाई. आठवडाभर जिने चढून पत्रं वाटायची आणि रविवारी इथे यायची. तिची बंदूक मांडीवर आडवी होती. चापाच्या मागे पान कोरलेलं होतं.

"मी क्लब सोडतेय," ती बटणला सांगत होती. "खांदा दुखतो ते एक वेळ सोसेन गं. पण चाप ओढताना डोळेच मिटतात. या वयात भित्री झाले बघ."

बटण तिच्याशेजारी बसली. "माझंही अगदी असंच होत होतं काकू. मला वाटायचं बंदुकीतच खोट आहे. नाही हो, खोट आपल्यात असते. स्वतःला एकदा सांगून टाका, मी भित्री आहे. विचारा आमच्या मामाला."

दोघींनी वर बघितलं. टपालवालीच्या भुवईवर जुनं टेंगूळ होतं.

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. मिस्त्रीने टपालवालीच्या मांडीवरची बंदूक उचलली.

"दस्ता आखूड आहे," तो म्हणाला. "पाऊण इंच. तुम्ही भित्र्या नाही. मी आखूड कापलाय."

टपालवाली बघतच राहिली. बटण आधी हसली, मामा थट्टा करतोय असं वाटून. मग तिचं हसू मावळलं.

"आणि माझा?"

"तुझाही. ती गादी... रबर झिजलं नव्हतं."

"कधीपासून माहीत होतं तुला?"

"तीन महिने."

"माझा नेम दोन वर्षं बिघडला होता, त्याचं मला काही नाही," बटण म्हणाली. "वीत चुकली, चुकली. पण तीन महिने मी सगळ्यांना सांगत फिरले की मी भित्री होते. तुझ्यासमोर सांगितलं. आणि तू नुसता ऐकत होतास."

"चुकलो गं."

ती उठून गेली. मिस्त्रीने टपालवालीच्या हाताचं माप घेतलं. टेप नव्हती, म्हणून तिच्या पिशवीची दोरी घेतली आणि दोरीला गाठ मारली. बाईने कोपर वाकवून धरला.

दुसऱ्या दिवशी त्याने उरलेल्या नऊही जणांना फोन केले. टाळाटाळ न करता, नेमकं काय चुकलं ते सांगून. दोघांनी शिव्या घातल्या, एक फोनवरच रडला.

बटण आठव्या दिवशी कारखान्यात आली. बंदूक टेबलावर ठेवली, बरोबर त्या दोन खाचांच्या मध्ये.

"नवा दस्ता कर. ही गादी नको मला," ती म्हणाली. मिस्त्री धडपडत उठला आणि खिळ्यावरची टेप काढायला गेला. तिने कोपर वाकवून पुढे केला, पण नजर भिंतीकडे ठेवली. त्याने तीनदा मोजलं.

"साडेतेरा इंच."

"बरं. आणि मामा, यावर तुझं पान कोरू नकोस."

"बरं," मिस्त्री म्हणाला. त्याने फळीवर साडेतेराची रेघ मारली आणि ती दाराबाहेर जाईपर्यंत वर बघितलं नाही.